चाकं काढलेलं घर

पुण्यात घर घेतल्याचं सांगितलं की लोक विचारतात, "किती स्क्वेअर फूट?" आम्हाला मात्र सगळ्यांनी एकच विचारलं, "लावणार कुठे?" घर तयार करून देणाऱ्या फॅब्रिकेटरने विचारलं, आमच्या घरमालकांनी विचारलं, मंडईत मी जिच्याकडून पालेभाजी घेते त्या बाईनेही विचारलं. कारण आमचं घर चाकांवर होतं. लोखंडी ट्रॉली, तिच्यावर आठ फूट रुंद आणि वीस फूट लांब खोली, एका टोकाला ओटा, दुसऱ्या टोकाला न्हाणीघर, मधे दिवाण, आणि शिडी चढून गेलं की झोपायचा माळा. पुढे ओढायला हूक.

हे सुचलं नवऱ्याला. तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे चार भिंतींची खोली वर-खाली किंवा इकडे-तिकडे जाते यात त्याला काही विशेष वाटत नाही. मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका यांची अक्षरजुळणी करते. दर महिन्याला कोणाच्या तरी 'नूतन वास्तू'त मी शुद्धलेखन तपासून पाय ठेवते. आम्ही भाड्याच्या घरात होतो, आणि भाडं दर अकरा महिन्यांनी वाढत होतं. फ्लॅट बघायला गेलो की हप्ता ऐकून परत यायचो. ट्रॉलीवरचं घर म्हणजे एखाद्या चांगल्या मोटारीची किंमत. तेवढं आमच्याकडे जमलं होतं.

पण लावणार कुठे? भाड्याच्या सोसायटीत आवारात जागा होती, म्हणून मी अध्यक्षांना भेटले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "व्हिजिटर पार्किंग आहे, पण व्हिजिटर येतो आणि जातो. आपण जाणार केव्हा?" रस्त्याच्या कडेला लावावं तर कोणीतरी उचलून नेणार. कात्रजच्या पुढे एकाचा रिकामा प्लॉट होता, पण त्याने भाडं असं सांगितलं की त्यात आम्ही फ्लॅटमध्येच राहिलो असतो. महापालिकेत नियम विचारायला गेलो तर तिथेही गंमतच. घर म्हणावं तर बांधकामाची परवानगी हवी, रस्त्याची रुंदी हवी, चारी बाजूंनी मोकळी जागा हवी, सांडपाण्याची सोय हवी. गाडी म्हणावं तर गाडीत संसार करता येत नाही. तिथले एक वयस्कर गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, "ताई, आमच्याकडे या वस्तूसाठी रकानाच नाही हो."

शेवटी जागा मिळाली ती नदीकाठच्या एका रोपवाटिकेत. शहराच्या वरच्या अंगाला, जिथे मुठेचं पात्र अजून थोडं नदीसारखं दिसतं, तिथे एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन होती. ती निळ्या पूररेषेच्या आत. म्हणजे पाणी चढलं तर नदी तिथपर्यंत पसरणार, म्हणून तिथे बांधकामाला मनाई. त्यामुळे बिचाऱ्याने जमिनीवर गुलाब, जास्वंद आणि आंब्याची कलमं लावून विकायला ठेवली होती. त्याने आमचं घर डोळे भरून पाहिलं, चाकांना लाथ मारून हवा तपासली आणि म्हणाला, "ताई, गाडी म्हनून लावा, माझं काय म्हननं न्हाय. पन घर बांधू नगा. हितं इटंवर इट ठिवली तरी मला नोटीस येती. आन् वरनं पानी सोडलं का मी ट्रॅक्टर आनतो, हुकाला लावतो आन् वर रोडला नेतो. तेवढी चाकं तयार ठिवा."

एवढीच अट होती. चाकं तयार ठेवा.

तिथे आम्ही पाऊण वर्ष राहिलो आणि खरं सांगायचं तर सुखात राहिलो. सकाळी दार उघडलं की ओल्या मातीचा आणि शेणखताचा वास यायचा. नवरा रविवारी चाकांना ग्रीस लावायचा. पण मला लाज वाटायची. कशाची, ते मी स्वतःलाही कधी नीट विचारलं नाही. छापखान्यात मी सांगितलं होतं की आम्ही 'नदीकडच्या बाजूला' राहायला गेलो. कुरिअर मी छापखान्याच्या पत्त्यावर मागवायची. एकदा एक मैत्रीण मला घरी सोडते म्हणाली, तर मी एका चांगल्या इमारतीच्या फाटकाशी उतरले, हात हलवला, ती जाईपर्यंत थांबले आणि मग चालत रोपवाटिकेत आले. त्या इमारतीच्या वॉचमनने मला विचारलं, "कोणत्या फ्लॅटला जायचंय?" मी झपझप निघून आले. चाळिशीला टेकलेली बाई मी.

बाबांना मात्र मी खोटं सांगितलं नव्हतं. फक्त सगळं सांगितलं नव्हतं. बाबा अकोल्याकडे एका तालुक्याच्या गावी राहतात, शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. आई मी लहान असतानाच गेली, मला बाबांनी आणि आत्याने वाढवलं. मी फोनवर म्हटलं होतं, "छोटंसं घर घेतलं, नदीकाठी." बाबांना नदीकाठ एवढा आवडला की त्यांनी तो गावभर सांगितला. मग दर आठवड्याला एकच प्रश्न. "वास्तुशांत कधी करतं? त्याबिगर घरात राहणं बरं नाई." श्रावण आला तेव्हा त्यांनी मला विचारणं सोडून मुहूर्तच कळवला. ते, आत्या आणि जीपभर नातेवाईक येणार होते. गावच्या सोनाराकडून त्यांनी वास्तुपुरुषाची चांदीची प्रतिमा घडवून घेतली होती, घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरायला.

त्या दिवशी सांगायला हवं होतं. 'बाबा, पुरायला जमीन आपली नाही, आणि घर उभं आहे ते चाकांवर.' दोन वाक्यं. त्याऐवजी मी नवऱ्याला म्हटलं, चाकं काढूया.

तो आधी हसला. मग त्याला कळलं की मी गंमत करत नाही. "पावसाळा आहे," तो म्हणाला. "चाकं काढली तर ही ना गाडी राहणार, ना घर होणार." मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. जॅकवर घे, खाली ठोकळे लाव, बाजूने विटांच्या दोन-तीन ओळी रचू, म्हणजे जोतं दिसेल. पुढे दोन पायऱ्या. लोक जातील, चाकं परत लागतील. तो नाही म्हणाला. मग मी दोन दिवस त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलले. आठ बाय वीसच्या घरात अबोला धरणं म्हणजे काय असतं ते ज्याने धरलाय त्यालाच ठाऊक, रुसून जायला दुसरी खोलीच नसते. तिसऱ्या दिवशी त्याने जॅक काढला.

विटा नुसत्या रचल्या तर हलतात, म्हणून मी थोडं सिमेंट लावायला लावलं. चारही चाकं रोपवाटिकेच्या मागे, कलमांवर सावलीसाठी बांधलेल्या हिरव्या जाळीखाली ठेवली. जमीनमालक तेव्हा लेकीकडे गेला होता. पूजेच्या आदल्या दिवशी परत आला, विटा पाहिल्या आणि डोक्याला हात लावला. मी हात जोडून म्हटलं, "काका, उद्यापुरतं." तो म्हणाला, "उद्या संध्याकाळी हितं एक इट दिसली तर मी सोता फोडीन." आणि पाठ फिरवून निघून गेला.

त्याच दिवशी दुपारी पाहुणे आले. जीपमधून उतरल्यावर सगळे एकाच वेळी आत शिरायला लागले आणि अर्ध्या मिनिटात कोणाला मागे-पुढे होता येईना. मग आम्ही त्यांना चार-चारच्या गटाने आत घेतलं. आत्याने माळ्याकडे मान वर करून पाहिलं, न्हाणीघराचं दार उघडून पाहिलं, ओट्यावरून हात फिरवला. "लहान हाये, पण चकचकीत हाये वं," ती म्हणाली. चुलत भावाच्या बायकोने विचारलं, बाकीच्या खोल्या मागच्या बाजूने आहेत का. मी म्हटलं, पुढे वाढवायच्या आहेत. हे वाक्य माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही, पण ते इतकं सहज आलं की नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान वळवली.

बाबा पायरीवर बसून नदीकडे पाहत राहिले. संध्याकाळी रोपं बघतो म्हणून एकटेच रोपवाटिकेत फिरून आले. आल्यावर त्यांनी मला पाणी मागितलं आणि म्हणाले, "छान हाये बेटा." सगळ्या पाहुण्यांची झोपायची सोय आम्ही वर रस्त्यालगतच्या एका मंगल कार्यालयाच्या दोन खोल्यांत केली होती.

सकाळी आम्ही दारापुढे मांडव घातला. आत होम पेटवला असता तर घरासकट आम्ही पेटलो असतो. गुरुजी नारायण पेठेतले, आमच्या छापखान्याच्या मालकांच्या ओळखीचे. आग्नेय कोपरा शोधत त्यांनी घराला एक फेरी मारली, विटांच्या जोत्यावर काठी ठोकून पाहिली आणि मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "वास्तुपुरुष वास्तूखाली असतो. आपल्या वास्तूखाली काय आहे?" मी म्हटलं, "मोकळी जागा." ते म्हणाले, "बरं. मला चालेल. त्याला चालतंय का ते तो सांगेलच." विटांना लागून बाहेर एक खड्डा केला आणि बाबांनी आणलेली ती प्रतिमा माझ्या हातून त्यात ठेवली.

पाऊस आमच्याकडे नव्हताच. वर घाटात तीन-चार दिवस कोसळत होता, एवढं वर्तमानपत्रात वाचलं होतं. होम चालू असताना वरच्या रस्त्याने भोंगा लावलेली गाडी गेली. धरणातून विसर्ग वाढवणार आहेत, नदीकाठी उभी केलेली वाहनं तातडीने हलवावीत. दोनदा सांगून गाडी पुढे गेली. नवरा माझ्या शेजारी पाटावर बसला होता, हातात तुपाची पळी. त्याने माझ्याकडे पाहिलं. काय विचारतोय ते मला स्पष्ट कळलं. आत्ता उठलो, चार माणसं हाताशी घेतली, विटा फोडल्या, तर दुपारपर्यंत चाकं लागतील. पण मग सगळ्यांसमोर ती चाकं जाळीखालून गडगडत येणार. मी डोळ्यांनीच नाही म्हटलं. जेवणं होऊ देत. लोक जाऊ देत. पाणी काय लगेच येतंय.

बाबा समोर बसले होते. त्यांनीही भोंगा ऐकला होता. ते एकदा उठले, परत बसले.

पंगत बसली. मसालेभात, जिलेबी, अळूची भाजी. आत्या आग्रह करत होती, मुलं कुंड्यांमधून पळत होती, आणि मी वाढता वाढता दर थोड्या वेळाने नदीकडे बघत होते. पाण्याचा रंग बदलला होता. आधी पलीकडच्या काठाचे खडक गेले, मग आमच्या बाजूची बाभळीची झुडपं. शेवटची पंगत पानावर असताना जमीनमालक ट्रॅक्टर घेऊन उतारावरून खाली आला. दिलेल्या शब्दाप्रमाणे. तो खाली उतरला, साखळी खांद्यावर घेऊन हुकापर्यंत गेला आणि वाकून जोत्याकडे पाहिलं. मग त्याने साखळी खाली टाकली.

"चाकं कुठंयत?" तो ओरडला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. जिलेबीचं ताट माझ्या हातात होतं. "मागे," मी म्हटलं. "जाळीखाली."

त्यानंतर जे झालं ते सगळ्यांसमोर झालं. नवऱ्याने पहारीने विटा फोडल्या. सिमेंट धरलं होतं, माझ्याच सांगण्यावरून. चुलत भावांनी चाकं आणली, एकेक ढकलत, आणि कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. जॅक लावला तर तो ओल्या मातीत रुतायला लागला. खाली फळ्या घातल्या, त्याही रुतल्या. एक चाक लागलं. दुसरं लागत असताना मांडवाखालून पाणी आलं, अगदी शांतपणे, होमाची राख आणि पत्रावळी उचलून घेत. जमीनमालक त्याची कलमं वर न्यायची सोडून आमच्यासाठी उभा होता. शेवटी त्यानेच सांगितलं, "ताई, मानसं वर काढा आता." ट्रॅक्टर रिकामा वर गेला.

घर वाहून गेलं नाही. ते एका चाकावर आणि उरलेल्या ठोकळ्यांवर तिरकं उभं राहिलं, खिडकीपर्यंत पाण्यात, दोन दिवस. पाणी उतरल्यावर आत गेलो तर जमिनीचा प्लायवूड फुगून वर आला होता, भिंतींचे सांधे सुटले होते, दार चौकटीत बसत नव्हतं. महापालिकेकडून पाहणीला आलेल्या माणसाने फुटलेलं जोतं पाहून ते बांधकाम म्हणून लिहून घेतलं. त्याच्याकडे आता आमच्यासाठी रकाना होता. म्हाताऱ्याला त्यावरून बरेच हेलपाटे पडले. फॅब्रिकेटरने शेवटी क्रेन आणून घर उचललं आणि लोखंडाच्या भावाने घेतलं. क्रेनचे पैसे वजा करून.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचं. आम्ही सगळे वरच्या मंगल कार्यालयाच्या ओसरीत येऊन बसलो होतो. आत्या माझी ओली साडी पिळत होती. नातेवाईक आत सामान बांधत होते, हळू आवाजात. नवरा काठावर उभा राहून खाली बघत होता, मी त्याच्याजवळ जाऊ शकत नव्हते. बाबा माझ्या शेजारी येऊन बसले.

"मी काल पाह्यली होती ती चाकं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"रोपं पाहाले गेलो ना, तवा. जाळीखाली. मग मले समजलं. आत्याले तिकडं जाऊ देल्लं नाई. पोरायलेही नाई. म्हटलं, तुले दाखवाचं नाई, तं नाई."

"मग भोंगा वाजला तेव्हा बोलला का नाहीत, बाबा?"

"उठलो होतो." त्यांनी धोतराचा ओला सोगा पिळला, परत पिळला. "मले वाटलं, तू बोलशीन. चारचौघांत मी बोललो तं तुले किती वाईट वाटीन. म्हणून बसलो."

मला रडू आलं नाही. मला त्या क्षणी फक्त इतकी लाज वाटली की ती कुठे ठेवावी ते कळेना. मी त्यांच्यापासून लपवत होते, आणि ते सबंध दिवस इतरांपासून माझं लपवलेलं सांभाळत बसले होते. त्यांच्यासमोर माझी अब्रू जाऊ नये म्हणून मी पाटावरून उठले नाही, आणि माझी अब्रू जाऊ नये म्हणून ते. मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं." ते म्हणाले, "जाऊ दे." जाऊ देण्यासारखं काय उरलं होतं?

आता आम्ही परत भाड्याने राहतो, कात्रजच्या चढाला, तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत. नवरा चांगला आहे, त्याने मला आजवर एका शब्दाने ऐकवलेलं नाही, आणि ते मला रोज ऐकू येतं. गेल्या महिन्यात बाबा डोळे तपासायला पुण्यात आले तेव्हा आमच्याकडेच उतरले. संध्याकाळी त्यांना गावाकडून कोणाचा तरी फोन आला. जुने सहकारी असावेत, त्या जीपमध्ये नसलेले. मी ओट्याशी पोळ्या करत होते. बाबा कॉटवर बसून मोठ्याने बोलत होते, कारण त्यांना वाटतं लांबच्या फोनला मोठ्याने बोलावं लागतं.

"हो ना," ते म्हणाले. "पुरात गेलं. काय सांगू तुमाले, पक्कं बांधकाम होतं. नदीकाठी. दोन खोल्या तं होत्याच, पुढं अजून वाढवणार होते."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्याकडे गेली. मी तव्यावरची पोळी उलटली.